बेरिल, अकरा घरं आणि एक जनरेटर

आधीच सांगते, हे आमच्याच गल्लीत घडलेलं आहे, २०२४ च्या जुलैत बेरिल हे हरिकेन ह्यूस्टनवर आलं तेव्हाचं. घरांचे नंबर बदललेत, नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, बाकी आठवतं तसं लिहिलंय. वर्षभरानंतर आम्ही चार घरं एकदा बसलो आणि कुठे काय चुकलं ते बोललो, त्यातून हे लिहायचं ठरलं. जे बरं झालं त्याचं कौतुक आमच्याकडे पुष्कळ झालंय, त्यामुळे इथे जास्त जागा चुकलेल्या गोष्टींना दिलीय.

पार्श्वभूमी

ह्यूस्टनच्या नैऋत्येला शुगर लँडच्या बाजूला आमची कल-डी-सॅक, म्हणजे शेवटी बंद असलेली छोटी गल्ली. अकरा घरं, एका हाताला विषम नंबर, दुसऱ्या हाताला सम. आम्ही ४ नंबरात. समोर ३ नंबरात एक रिटायर्ड टेक्सन आजोबा एकटे राहतात, फुप्फुसाच्या आजारामुळे दिवसरात्र ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेवरच्या मशीनवर. ५ नंबरात व्हिएतनामी कुटुंब, दोन टीनेजर मुलं. ६ नंबरात कन्स्ट्रक्शनमध्ये काम करणारा एक मेक्सिकन माणूस आणि त्याचं कुटुंब, आणि अख्ख्या गल्लीतला एकमेव जनरेटर त्याच्याकडे. गल्लीच्या अगदी टोकाला १० नंबर, तिथे भाड्याने राहणाऱ्या सत्तरीच्या एक बाई. त्यांच्याबद्दल पुढे येईलच, खरं तर सगळं प्रकरण तिथेच येऊन थांबतं.

मे महिन्यात, १६ तारखेला, ह्यूस्टनवरून एक प्रचंड वादळी पट्टा गेला होता, डेरेचो म्हणतात त्याला. तेव्हा लाखो घरांची लाइट गेली होती. त्या गडबडीत आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. अकरापैकी नऊ घरं त्यात आली. ११ नंबर रिकामं होतं आणि १० नंबरच्या बाईंना कोणी ॲड केलंच नाही, कोणाकडे त्यांचा नंबरच नव्हता. त्या वेळी हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बेरिल हे तसं विचित्र वादळ. १ जुलैला ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं, त्याच रात्री कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं झालं, आणि अटलांटिकमध्ये वर्षात इतक्या लवकर कॅटेगरी ५ झालेलं वादळ त्याआधी नोंदलेलं नव्हतं. मग मेक्सिकोचा युकातान द्वीपकल्प ओलांडताना जोर गेला आणि सगळे निवांत झाले. अंदाज होता की मेक्सिकोची उत्तर बाजू किंवा टेक्सासचं दक्षिण टोक. तेवढ्यात ४ जुलैचा लाँग वीकेंड आला, आणि त्या दोन-तीन दिवसांत तो ट्रॅक हळूहळू आमच्याकडे सरकत आला. लोक बार्बेक्यू करत होते, फोनवर नकाशा बघत होते आणि म्हणत होते, अरे फक्त कॅटेगरी वन.

हे "फक्त" फार महागात पडलं. कॅटेगरी म्हणजे केवळ वाऱ्याचा वेग, ताशी ७४ ते ९५ मैल की झाली कॅटेगरी १. जमीन किती भिजलेली आहे, मे महिन्यात हललेली झाडं अजून किती तग धरतील, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

आधीचा पहिला निर्णय : जायचं की थांबायचं

रविवारी दुपारी ग्रुपवर हाच विषय. इथल्या लोकांच्या डोक्यात दोन आठवणी पक्क्या बसलेल्या आहेत. एक २०१७ चं हार्वी, म्हणजे पूर. दुसरी २००५ चं रिटा, तेव्हा सगळं शहर एकदम बाहेर पडलं, हायवेवर गाड्या तासन् तास उभ्या राहिल्या आणि वादळापेक्षा त्या पळापळीतच जास्त माणसं गेली. इथे एक वाक्य नेहमी ऐकू येतं, पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. आमचा भाग पुराच्या पट्ट्यात नाही, मग लपायचं ठरलं. मला अजूनही हा निर्णय चूक वाटत नाही. चूक ही की आम्ही "थांबायचं" ठरवलं आणि "लाइटशिवाय किती दिवस थांबायचं" हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सगळे पाण्याच्या बाटल्या भरत होते, बाथटब भरत होते, पेट्रोलचा कॅन मात्र गल्लीत एकच होता, तोही निम्मा.

आजोबांना मी स्वतः जाऊन म्हटलं की मुलीकडे डॅलसला जा. ते म्हणाले, १९८३ ला अलिशिया आलं तेव्हा मी याच शहरात होतो, हे काय मला सांगता. मग मी जास्त ताणलं नाही. दुसऱ्याच्या वडिलांना किती सांगणार. त्यांच्या मुलीचा फोन नंबर तेवढा घेऊन ठेवला आणि तो पुढे फार उपयोगी पडला.

अडचण

सोमवार ८ जुलै, पहाटे चारच्या सुमारास बेरिल माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आलं. आमची लाइट साडेपाचला गेली. नंतर कळलं की एका वेळी २२ लाखांपेक्षा जास्त ग्राहक अंधारात होते. वाऱ्याचे झोत शहरात ८० मैलांच्या वर गेले. २ नंबरचं ओकचं झाड मुळासकट उपटून गल्लीच्या तोंडावर आडवं पडलं, म्हणजे गाडी बाहेर नाही आणि आतही नाही.

आजोबांकडे दोन सिलिंडर होते, एक भरलेलं, एक अर्धं. मिनिटाला दोन लिटरने ते छोटं सिलिंडर साडेपाच तास वगैरे चालतं. म्हणजे हातात आठ तास, फार तर थोडे वर. घड्याळ तिथून सुरू झालं.

दुसरं घड्याळ आमच्या घरात. सासूबाई नाशिकहून आल्या होत्या, इन्सुलिनवर. पण हे घड्याळ आम्हाला वाटलं त्यापेक्षा बरंच मोठं निघालं. पत्रक नीट वाचल्यावर कळलं की त्यांचं वापरात असलेलं पेन साध्या खोलीच्या तापमानात काही आठवडे टिकतं, फक्त खोली भट्टी व्हायला नको. न उघडलेली पेनं थर्मासमध्ये, कपड्यात गुंडाळून, बर्फाला थेट न टेकवता ठेवली. मी सकाळभर त्याच काळजीत होते आणि खरं संकट समोरच्या घरात होतं.

जनरेटर : इथे थोडक्यात वाचलो

सकाळी आठला अजून पाऊस धो धो. ६ नंबरवाल्याने, देव त्याचं भलं करो, कोणी न मागता आपला २२०० वॉटचा जनरेटर आजोबांच्या घरी न्यायचा ठरवला. माझा नवरा आणि तो, दोघांनी रेनकोट घालून ढकलत नेला. पावसात बाहेर ठेवता येत नाही म्हणून गॅरेजमध्ये, शटर पूर्ण वर करून, लावला. सगळ्यांना वाटलं शटर उघडं आहे, काय होतंय.

वीस मिनिटांत घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोंबलायला लागला. आजोबा आत खुर्चीत, आणि त्यांना वाटलं बॅटरी संपली म्हणून वाजतोय. नवऱ्याने धावत जाऊन जनरेटर बंद केला, आजोबांना व्हरांड्यात आणलं, परत सिलिंडर जोडलं. तो अलार्म नसता तर हा लेख वेगळ्या प्रकारचा झाला असता. बेरिलनंतरच्या दिवसांत ह्यूस्टन भागात याच वायूने माणसं गेली आहेत, वास नाही, रंग नाही, गॅरेजचं दार उघडं असलं तरी घरात शिरतो. घरापासून निदान वीस फूट लांब आणि धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला, हा नियम आम्हा तिघांनाही माहीत होता. माहीत असून केलं, कारण पाऊस होता आणि घाई होती.

इथे जो विचार आधी करायला हवा होता तो आम्ही नंतर केला. सिलिंडर दुपारपर्यंत पुरणार होते, पाऊस अकरा-बाराला थांबणार असं रेडिओ सांगत होता. म्हणजे जनरेटर आठ वाजता लावायची गरजच नव्हती. आधी सिलिंडर वापरा, पाऊस थांबला की जनरेटर अंगणात, हा साधा क्रम. पण समोर माणूस श्वास घेतोय मशीनवर आणि मशीन बंद, तेव्हा हातावर हात ठेवून बसवत नाही.

बारा वाजता जनरेटर अंगणात गेला. तिथून एक जाड केशरी एक्स्टेंशन कॉर्ड खिडकीच्या फटीतून आत. कॉन्सन्ट्रेटरला साधारण साडेतीनशे वॉट, फ्रिजला दीड-दोनशे पण सुरू होताना एकदम झटका घेतो, आणि ५ नंबरवाल्यांनी कुठून तरी काढलेला खिडकीचा छोटा एसी, साडेचारशे-पाचशे. एवढं बसलं. नऊ घरांचे फोन तिथेच चार्जिंगला, आजोबांची डायनिंग टेबल मोबाइलच्या दुकानासारखी दिसायला लागली.

संध्याकाळी एका शेजाऱ्याने सुचवलं की जनरेटर सरळ ड्रायरच्या सॉकेटमध्ये उलटा लावू, सगळं घरच चालेल. दोन्ही टोकांना पिन असलेली ती केबल, इथे तिला सुसाइड कॉर्ड म्हणतात, उगीच नाही. ६ नंबरवाला साधा माणूस, ग्रुपवर कधी चार शब्दांपेक्षा जास्त लिहीत नाही, पण तिथे ठाम नाही म्हणाला. तो करंट मीटरमधून उलटा लाइनवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्ट होतो आणि खांबावर चढलेला लाइनमन मरतो. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मंगळवार, बुधवार : पेट्रोल, मित्र आणि भांडण

मंगळवारी सकाळी करवती घेऊन ओक कापला, म्हणजे मुख्य खोड तसंच, फक्त एक गाडी जाईल एवढी वाट. मग पेट्रोलची शोधाशोध. जनरेटर दिवसाला चार-पाच गॅलन खातो आणि पंपांनाच लाइट नाही. वीज कंपनीचा लाइट कुठे आहे ते दाखवणारा नकाशा मे महिन्यापासूनच बंद, म्हणून अख्खं शहर व्हॉटाबर्गरचं ॲप बघत होतं. बर्गरची कुठली दुकानं उघडी आहेत ते त्यात दिसतं, दुकान उघडं म्हणजे त्या भागात लाइट, म्हणजे तिथे पंप चालू असेल. सासूबाईंना हे समजावताना माझंच मला हसू येत होतं.

नवऱ्याचा कॉलेजचा रूममेट ऑस्टिनला असतो. त्याला फक्त "लाइट नाही, बरे आहोत" एवढा मेसेज गेला होता. तो विचारत बसला नाही, पिकअपच्या मागे पाच गॅलनचे चार कॅन, बर्फ आणि एक बॅटरीवरचा पंखा टाकून तीन तास गाडी चालवत आला, चहासुद्धा न पिता परत गेला. त्या वीस गॅलनवर आजोबांचे पुढचे दिवस निघाले.

खाण्याचं काही अडलं नाही. बंद फ्रिज चार तास, भरलेला फ्रीझर दोन दिवस, मग सगळ्यांचंच वितळायला लागलं. ५ नंबरच्या काकूंनी कोळंबी काढली, मी पुरणपोळ्या आणि आमरस काढला, ६ नंबरवाल्याच्या ग्रिलवर पोळ्या गरम झाल्या. आजोबांनी आमरस टॉर्टियाबरोबर खाल्ला आणि त्यांना आवडला, आता काय बोलणार.

भांडणही झालं, ते लपवत नाही. ८ नंबरला दोन वर्षांचं मूल, रात्री घरात ९० फॅरनहाइटच्या वर, त्यांना रात्री दोन तास एसीसाठी जनरेटर हवा होता. त्यांचं बरोबर होतं. पण जनरेटर तिथे न्यायचा तर दोन तास आजोबा सिलिंडरवर, आणि भरून मिळत नव्हतं, सप्लायरचा फोन लागतच नव्हता. पर्याय तीन होते : जनरेटर हलवायचा, बाळाला आजोबांच्या घरी झोपवायचं, किंवा आजोबांना डॅलसला पाठवून जनरेटर मोकळा करायचा. तिसरा सगळ्यात शहाणपणाचा होता आणि आजोबा ऐकायला तयार नव्हते. शेवटी त्यांच्या मुलीला फोन लावून दिला. अर्धा तास बोलणं झालं आणि तरी आजोबा हलले नाहीत, पण त्यांनी स्वतःची बेडरूम बाळाला आणि त्याच्या आईला दिली आणि आपण हॉलमध्ये रिक्लायनरवर झोपले. त्या आईने पुढे मला सांगितलं की रात्रभर त्या मशीनचा फुस-फुस आवाज ऐकत तिला झोप लागली.

बुधवारी संध्याकाळी विषम बाजूची लाइट आली. दोन बाजू वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं. मग उलटं सुरू झालं : आता ३ आणि ५ नंबरातून केशरी कॉर्डी रस्ता ओलांडून आमच्या बाजूला. गाडीखाली चिरडू नयेत म्हणून वरून पायपुसणी डक्ट टेपने चिकटवली. एका पायपुसण्यावर वेलकम लिहिलेलं, ते रस्त्याच्या बरोबर मधे. जनरेटर मोकळा झाला, बाळाच्या घरी गेला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

१० नंबर

गुरुवारी सकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे चालून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, त्या टोकाच्या घरात कोण राहतं?" मी म्हटलं, "आई, त्या बाई मुलाकडे गेल्या असतील, लाँग वीकेंड होता ना." त्या म्हणाल्या, "गाडी तर दारात आहे. आणि एवढ्या उकाड्यात त्यांची एक खिडकी उघडी नाही. सगळ्या गल्लीने खिडक्या उघडल्यात."

मी चार दिवस त्या घरासमोरून जात होते. गाडी मलाही दिसली होती. बंद खिडक्या बघून मला वाटलं घर बंद आहे. सासूबाई एसीशिवायच्या घरात वाढलेल्या, त्यांना बंद खिडकी बघून वाटलं काहीतरी बिघडलंय.

दार वाजवलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, मग कडी काढायला आणखी वेळ. बाई उभ्या होत्या पण बोलणं जुळत नव्हतं, मला त्या कोणी नर्स समजल्या. आत भिंतीवर बॅटरीवरच्या थर्मोस्टॅटवर ९४. त्वचा गरम. ९११ लावला, तोपर्यंत त्यांना ५ नंबरच्या एसीत आणलं, मानेला, काखेत ओले टॉवेल, पंखा. पाणी पाजायचा मोह झाला होता, पण फोनवरच्या बाईने विचारलं की नीट शुद्धीत आहेत का, नाही तर देऊ नका, ठसका लागेल. ॲम्ब्युलन्स आली, दोन रात्री हॉस्पिटल, आणि त्या बऱ्या होऊन परत आल्या. आणखी एक दिवस गेला असता तर काय, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यांचा फोन सोमवारीच संपला होता. बुधवारी रात्री त्यांनी खिडकीतून रस्त्यावरच्या केशरी कॉर्डी आणि समोरचे दिवे पाहिले होते. नंतर म्हणाल्या, तुमच्याकडे इतकी माणसं, इतकी धावपळ दिसत होती, त्यात मी कशाला. चोरांच्या भीतीने खिडक्या बंद ठेवल्या होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

ग्रुपवर चार दिवसांत शेकडो मेसेज होते आणि आम्ही ते मोजत होतो, कोणाला काय हवं, कोणाला काय मिळालं. जो मागतो त्याला मिळत होतं, भरभरून मिळत होतं. आजोबांसाठी तर सगळी गल्ली राबली. पण घरं मोजायला हवी होती, मेसेज नाही. अकरा दारं आहेत, सकाळ-संध्याकाळ अकरा दारं वाजवायला पंधरा मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं. मंगळवारी आम्ही ओक कापण्यात पाच तास घालवले.

दुसरं, आजोबांचा फॉर्म. टेक्सासमध्ये घरी वैद्यकीय मशीन असलेल्या माणसाला डॉक्टरच्या सहीने वीज कंपनीकडे क्रिटिकल केअर ग्राहक म्हणून नोंद करता येते. त्याने लाइट आधी येईलच अशी हमी नाही आणि मुदत संपली की परत भरावा लागतो. आजोबांचा संपलेला होता. शिवाय २११ ला फोन करून राज्याच्या मदत यादीत नाव घालता येतं, ते तर त्यांना माहीतच नव्हतं. आता दोन्ही झालंय, फॉर्मची तारीख त्यांच्या मुलीच्या कॅलेंडरवर आहे.

तिसऱ्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मला वाटतं मंगळवारीच आजोबांना गाडीत बसवून डॅलसला सोडायला हवं होतं, एक जनरेटर एका माणसापाशी अडकला आणि बाकी सगळं त्याभोवती फिरत राहिलं, १० नंबरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही त्याचं एक कारण हेही आहे. नवरा म्हणतो, माणूस शुद्धीत आहे, नको म्हणतोय, उचलून नेणार का. ६ नंबरवाला काही म्हणत नाही.

नंतर

आमच्या बाजूची लाइट रविवारी १४ तारखेला आली, सातव्या दिवशी. आता ग्रुपच्या जोडीला एक कागद आहे, प्रत्येक घराच्या फ्रिजवर. प्रत्येक घराला दोन दारं वाटून दिलीत, जाऊन वाजवायची, मेसेज चालणार नाही. १० नंबरच्या बाईंकडे आमचं आणि ८ नंबरचं दार आहे, हे त्यांनी स्वतः मागून घेतलं. २०२५ मध्ये १ जूनला हरिकेनचा सीझन सुरू झाला तेव्हा त्या सकाळी साडेसातला येऊन दार वाजवून गेल्या, आम्ही सगळे झोपेत होतो, रविवार होता.

जनरेटरचा प्रश्न मात्र तसाच आहे. ६ नंबरवाल्याला सॅन अँटोनिओला काम लागलंय, घर विकायला काढलंय, जनरेटर अर्थातच त्याच्याबरोबर जाणार. वर्गणी काढून एक घ्यावा असं ठरतंय, पण तो कोणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचा, पेट्रोल कोण बदलत राहणार आणि पहिली पाळी कोणाची, यावर गेल्या मीटिंगमध्ये दीड तास गेला आणि काही ठरलं नाही. पुढची मीटिंग आजोबांकडे आहे.